२,१४,७४,८३,६४७ : सेकंदांचा हा आकडा भरला की काय होईल?

दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. ही मूळ संख्या आहे. १ आणि स्वतः सोडून तिला कशानेही पूर्ण भाग जात नाही. गणितज्ञ ऑयलर यांनी १७७२ पर्यंत हे सिद्ध केले होते.

२ चा ३१ वा घात काढून त्यातून १ वजा केला की ती मिळते. ३२ बिटांत धन-ऋण संख्या साठवणाऱ्या संगणकाची कमाल मर्यादाही हीच. अनेक यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठरवतात. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी हा आकडा भरेल. पुढच्या सेकंदाला जुन्या यंत्रणेचे घड्याळ थेट १९०१ सालात जाऊ शकते.

तुमचा नवा स्मार्टफोन ६४ बिटांचा असल्याने त्याची फारशी काळजी नाही. काळजी आहे ती कारखाने, पाणीपुरवठा, वीजकेंद्रांतील वर्षानुवर्षे न बदलणाऱ्या यंत्रांची. आज बसवलेले यंत्र २०३८ मध्येही चालू असेल. म्हणूनच '२०३८ नंतरही तारीख बरोबर दाखवेल' ही अट आजच्या निविदेतच हवी. संकटाची वेळ सेकंदासह आधी कळते, असे क्वचितच घडते. तरीही गाफील राहिलो, तर दोष संख्येचा नसेल.