जमाखर्च मांडता, मग काळजी का मांडत नाही?

शेतकरी बंधूंनो, खताच्या गोण्या, मजुरांचे रोज, डेअरीचं दूध हे सगळं आपण वहीत टिपून ठेवतो. पण रात्री झोप उडवणारी काळजी मात्र कुठल्याच पानावर नसते. ती घाण्याच्या बैलासारखी डोक्यात गोल फिरत राहते.

अनुभवाचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी काढणीला आलेलं सोयाबीन पावसात भिजलं. ‘कर्ज दोन लाखांवर गेलं’ असं मनानंच धरून महिनाभर तळमळलो. घरात कुणाला आकडा सांगितला नव्हता. एका रात्री मुलाच्या वहीचं पान फाडलं आणि मांडलं: सोसायटीचे 80 हजार, कृषी सेवा केंद्राची उधारी 22 हजार, पाहुण्यांचे हातउसने 15 हजार. बेरीज 1 लाख 17 हजार. रक्कम लहान नव्हती, पण आता ती मोजलेली होती. खाली एक ओळ लिहिली, ‘घरात सांगायची लाज वाटते.’ सकाळी तेच पान बायकोपुढे ठेवलं. सोसायटीचं नवं-जुनं कधी करायचं, पाहुण्यांना काय सांगायचं, हे दोघांनी मिळून ठरवलं.

हे नुसतं माझंच म्हणणं नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी 1986 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं. लिहिल्यावर लगेच त्यांना जड वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत, घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही लिहिणाऱ्यांना दवाखान्याची पायरी इतरांपेक्षा कमी चढावी लागली.

तेव्हा करून पाहा. जेवणं झाल्यावर 15 मिनिटं बसा. शुद्धलेखन बघू नका, आपल्या बोलीत लिहा. पानाच्या मधोमध रेघ ओढा. एका बाजूला हातातलं: फवारणी, पीकविम्याचा अर्ज, कुणाची माफी. दुसऱ्या बाजूला हाताबाहेरचं: पाऊस, बाजारभाव. हातातल्या बाजूचं एक काम उद्यासाठी निवडा. कुणी वाचेल अशी भीती असेल तर पान चुलीत घाला. लिहिता येत नसेल, तर विश्वासाच्या माणसाजवळ बोला.

लिहिल्यानं कर्ज फिटत नाही, हे मलाही कळतं. भावाचा आणि पाण्याचा प्रश्न सरकारपुढे मांडावाच लागेल. आणि जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात आला, तर वहीवर विसंबू नका. घरच्यांना सांगा, डॉक्टरकडे जा. टेलिमानसचा 14416 हा सरकारी फोन मोफत आहे.

सरपंच, पोलीस पाटील, गुरुजी, तुम्हालाही विनंती. थकबाकीची यादी कधी तुमच्याही नजरेस पडत असेल. त्यातलं एखादं नाव हल्ली पारावर दिसत नसेल, तर नोटिशीआधी त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. वही पुढची गोष्ट, आधी चहा मागा.