नाकातले मांस आणि अ‍ॅलर्जीचे मूळ

पावसाळ्यात पडीक जागांतल्या गाजरगवताला पांढरी फुले येऊ लागली, की ज्यांची सकाळ लागोपाठच्या पंधरा-वीस शिंकांनी उजाडते आणि ज्यांना रात्री तोंडाने श्वास घेत झोपण्यावाचून गत्यंतर उरत नाही, अशा असंख्य पुणेकरांपैकी मी एक होतो. आणि म्हणूनच ‘लेसरने दहा मिनिटांत नाकाची अ‍ॅलर्जी समूळ घालवून देतो’ हे आश्वासन कानी पडताच पीडित मनुष्य त्याला किती सहज वश होतो, हे मी स्वानुभवाने जाणतो. सहा वर्षांपूर्वी एका खासगी दवाखान्यात मला हेच आश्वासन मिळाले. नाकात दुर्बीण घालून पडद्यावर एक फुगीर, फिकट निळसर गोळा दाखवण्यात आला, ‘हे मांस वाढले आहे, ते जाळले की काम झाले’ असे सांगण्यात आले, आणि शुल्काचा आकडाही तत्परतेने कळवण्यात आला. मात्र आजवर मी कोणते औषध घेतले, किती मुदतीपर्यंत घेतले आणि कसे घेतले, याची चौकशी त्या भेटीत एकदाही झाली नाही.

लेसरचा पक्ष दुर्बळ आहे असे मी म्हणत नाही. कार्बन डायऑक्साइड लेसरचा शोध १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत लावणारे कुमार पटेल हे जन्माने बारामतीचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटावा. आणि त्या अदृश्य किरणाची ऊर्जा ऊतींतल्या पाण्यात तत्काळ शोषली जात असल्यामुळे तो खोलवर न जाता वरचाच थर जाळतो, हा त्याचा गुण शल्यविद्येला फार उपयोगी पडला. जागा बधिर करून ही शस्त्रक्रिया होते, रक्तस्राव अल्प होतो आणि रोग्याला त्याच दिवशी घरी जाता येते. भाजलेल्या पृष्ठभागावर व्रण धरला की तिथले मांस आक्रसते, श्वासाला वाट मिळते, आणि स्रावग्रंथी घटल्यामुळे काही जणांच्या शिंका व पाणी गळणेही काही काळ कमी होते. जपानात ‘सुगी’ नावाच्या वृक्षांच्या परागांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी लेसर करून घेणारे लोक पुष्कळ आहेत. हे सारे मला कबूल आहे.

माझा आक्षेप ‘समूळ’ या एका शब्दाला आहे. १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के या ऑस्ट्रियन वैद्याने ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द घडवला, तो शरीराच्या बदललेल्या प्रतिक्रियेसाठी. आणि १९६६ च्या सुमारास किमिशिगे व तेरुको इशिझाका या दांपत्याने ज्या ‘आयजीई’ प्रतिपिंडाचा छडा लावला, ते प्रतिपिंड काही नाकापुरते मर्यादित नसते. ते रक्तावाटे सर्वत्र पोहोचते, मास्ट पेशींना चिकटून राहते, आणि पराग किंवा धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचा अंश समोर येताच त्या पेशींतून हिस्टामिन बाहेर पडते. ज्याचे नाक वाहते त्याचे डोळेही बहुधा खाजतात आणि पुष्कळांच्या छातीत घरघरही होते. नाकपुडीतला एक थर जाळल्याने या डोळ्यांचा आणि छातीचा बंदोबस्त कसा होणार? शिवाय ती अंतस्त्वचा काही काळाने पुन्हा भरून येते, आणि पुष्कळ रोग्यांच्या तक्रारी दोन-तीन वर्षांत परततात. जे परत येते, त्याचे मूळ उपटले गेले होते असे म्हणणे रोग्याची दिशाभूल करणे होय.

‘मांस वाढले’ हे विधानही तपासून घेतले पाहिजे. तो गोळा प्रत्येक निरोगी नाकात असतो. आत येणाऱ्या हवेला ऊब आणि ओलावा देणे हे त्याचे काम, आणि त्याच्यावरच्या सूक्ष्म रोमांचा थर सेकंदाला दहाहून अधिक वेळा हलत धूळ घशाकडे लोटत असतो. अ‍ॅलर्जीत तो रक्त साठून सुजतो. अशा अवयवाला निरुपयोगी वाढ ठरवून तो बेसुमार काढून टाकला, तर नाक कोरडे पडते, खपल्या धरते, आणि प्रशस्त मोकळे असूनही रोग्याला श्वास कोंडल्यासारखा वाटतो. या दुर्दैवी अवस्थेला १९९० च्या दशकात ‘रिकाम्या नाकाचा’ विकार असे नावच द्यावे लागले. सावध हाताने केलेल्या लेसरमध्ये हे भय थोडे असते, परंतु भय थोडे आहे म्हणून रोग्याला त्याची कल्पना देण्याचे कर्तव्य टळत नाही.

याच्या उलट, नाकाला शस्त्र लावूच नये असे म्हणणारेही भेटतात. त्यांचे मतही मला मान्य नाही. सूज उतरवणारे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तपासणीपुरते घातले असता नाक मोकळे होत असेल, तर अडथळा सुजेचा आहे हे कळते. न झाल्यास हाड किंवा वाकडा पडदा कारण असू शकतो, आणि त्यावर लेसरचा उपयोग नाही. (हेच थेंब आठवडाभराहून अधिक वापरले तर नाक उलट अधिकच चोंदते, हे घरोघरी सांगण्यासारखे आहे.) अडथळा सुजेचा ठरला, औषधांची पुरी मुदत देऊनही तो हटला नाही आणि झोप मोडतच राहिली, तर शस्त्रक्रिया न्याय्य आहे. तिच्यातही लेसर हा एकच मार्ग नव्हे. वरची अंतस्त्वचा राखून आतल्या आत ऊती आकसवणारी रेडिओ लहरींची पद्धतही आहे, आणि मला ती अधिक सयुक्तिक वाटते.

पण ती पुरी मुदत किती जण देतात? नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा मी आठ वर्षे वापरला, तोही शिंका आल्या त्याच दिवशी आणि नळी मधल्या पडद्याकडे धरून. तो रोज घ्यावा लागतो, त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात आणि त्याचे टोक बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने वळवायचे असते, हे मला दुसऱ्या एका तज्ज्ञ डॉक्टरांनी स्वतःच्या नाकाशी नळी धरून दाखवले, तेव्हा आठ वर्षे वाया गेल्याचे दुःख मला फार झाले. त्यांनीच त्वचेवर टोचून चाचणी केली, आणि लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेल्या तत्त्वावर, म्हणजे ज्याचे वावडे तेच अल्प मात्रेने वाढवत देऊन शरीराला सवय लावण्याच्या तत्त्वावर, जिभेखालचे थेंब सुरू केले. हा इलाज तीन ते पाच वर्षांचा आहे, सर्वांना सारखा लागू पडत नाही, आणि खर्चिकही आहे. परंतु रोगाच्या मुळाशी असलेली ती प्रतिक्रियाच पालटण्याचा प्रयत्न करणारा आणि थांबवल्यावरही काही वर्षे गुण टिकवणारा इलाज आज हाच आहे.

माझे थेंब गेल्या वर्षी पुरे झाले. सकाळच्या शिंका आता चार-पाचांवर आल्या आहेत, डोळे खाजत नाहीत. उजवी नाकपुडी मात्र रात्री अजूनही बंद होते. सूज उतरवणाऱ्या थेंबांची चाचणी झाली, पडदा सरळ असल्याचे दिसले, आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी तेवढा अडथळा कमी करून घ्यावा अशी तजवीज डॉक्टरांनी सुचवली आहे. मी होकार दिला आहे. फवारा त्यानंतरही चालू ठेवावा लागेल, हे त्यांनी मला तारीख ठरवण्याआधीच सांगितले.