पाकिटावरचा ई वाचतो, मग गीझरवरचा का नाही?



आपल्यापैकी कुणालाही विचारा, ई120 म्हणजे काय? झटकन उत्तर येईल: किड्यांपासून काढलेला लाल रंग. ई904 म्हणजे शेलॅक, लाखेच्या किड्याचा. ई471 दिसला की तो वनस्पतीचा आहे की प्राण्याचा, याची खात्री केल्याशिवाय आपण बिस्किटाचा पुडा पिशवीत टाकत नाही. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, कुठेही जा, आपल्या घरातल्या नव्या सुनेलासुद्धा हे आकडे पाठ असतात.

आता दुसरा प्रश्न. न्हाणीघरातल्या गॅस गीझरच्या पाटीवर ई1 आला तर त्याचा अर्थ काय? इथे सगळ्या गप्प. "नळ बंद करून परत चालू करा, होतो सुरू." नाहीच झाला तर मिस्त्री. मिस्त्रीनं काय केलं, ते कुणी विचारत नाही. गरम पाणी आलं, विषय संपला.

माझं भांडण नेमकं या "विषय संपला"शी आहे. पाकिटावरचा ई वाचणं हा धर्म आणि गीझरवरचा ई वाचणं हे पुरुषांचं काम, ही वाटणी कुणी केली? आगमांनी तर नाही केली.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या येते. तिथे नुसता प्राणघात सांगितलेला नाही, त्याला प्रमादाची जोड दिली आहे. प्रमाद म्हणजे गाफीलपणा. म्हणून तर आपण चूल पेटवण्याआधी पुंजून घेतो, पाणी गाळतो, सरपण झटकतो. श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडाचा त्याग आहे आणि त्यात प्रमादाचं आचरणही येतं. ज्या यंत्रात अग्निकाय, अपकाय आणि वायुकाय तिन्ही एकत्र येतात, आणि ज्याच्या शेजारी दार लावून आपलं लेकरू अंघोळ करतं, त्या यंत्राबद्दल गाफील राहायचं आणि संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसायचं, हे मला पटत नाही.

आधी हे यंत्र काय करतं ते पाहू. नळ उघडला की पाण्याच्या दाबानं आतला पडदा सरकतो आणि बटण दाबलं जातं. दोन सेलवर ठिणग्या पडतात, गॅसची झडप उघडते आणि बर्नर पेटतो. ज्योतीजवळ एक बारीक कांडी असते. तिचं काम एकच: ज्योत आहे की नाही, हे सांगणं. काही सेकंदांत ज्योत लागली नाही तर झडप आपोआप बंद होते आणि पाटीवर कोड येतो. पाणी फार तापलं तर दुसरा सेन्सर गॅस तोडतो. बऱ्याच गीझरना वीस मिनिटांनी बंद होण्याचीही सोय असते. म्हणजे कोड आला याचा अर्थ यंत्र बिघडलं असाच नसतो. बहुतेक वेळा यंत्रानं आपल्याला वाचवलेलं असतं आणि का थांबलो, ते ते सांगत असतं.

कोड सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. पुष्कळ गीझरवर ई1 म्हणजे पेटला नाही. रिन्नाईच्या हीटरवर त्यालाच 11 म्हणतात आणि पेटून ज्योत गेली तर 12. म्हणून शेजारणीनं सांगितलेला अर्थ आपल्या गीझरला लावू नका. सोबत आलेलं पुस्तक रद्दीत न देता त्यातलं कोडचं पान कापून गीझरजवळ चिकटवा. पचक्खाणाचा कोठा भिंतीवर लावतो ना, तसंच.

पेटत नसेल तर बाईमाणसानं न घाबरता पाहाव्यात अशा गोष्टी चार. सेल उतरलेत का? सिलिंडर संपत आलंय का, रेग्युलेटर नीट उघडलाय का? रबरी नळी दुमडली आहे का? पाणी येतं तिथल्या जाळीत कचरा अडकलाय का? गच्चीवरची टाकी फार उंच नसेल किंवा जाळी तुंबली असेल तर दाब पुरत नाही, मग ठिणगीच पडत नाही आणि कोडही येत नाही. पाणी जास्त तापल्याचा कोड वारंवार येत असेल तर आतल्या नळीत क्षार बसल्याची शक्यता मोठी. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं, पातेल्याच्या बुडाशी जो पांढरा थर दिसतो तोच आत बसतो. आणि पावसाळ्यानंतर पहिल्यांदा गीझर लावताना बर्नरच्या बाजूनं कोळ्याचं जाळं, मुंग्या, झुरळं नाहीत ना, ते टॉर्च लावून बाहेरून पाहा. चूल पुंजणारी बाई गीझर का पुंजत नाही?

इथे आपली हद्द संपते. झाकण उघडायचं नाही. काडेपेटीनं पेटवायचं नाही. एकदा थांबून परत नळ उघडून पाहिला आणि तोच कोड आला, की गॅस बंद, कंपनीच्या माणसाला फोन. पाच-सहा वेळा नळ चालू-बंद करणं म्हणजे दरवेळी थोडा न जळलेला गॅस आत सोडणं.

आता मिस्त्री. आपल्या गावांत एक वाक्य सर्रास ऐकू येतं, "भाभी, सेन्सरच काढून टाकला, आता कटकट नाही." मैत्रिणींनो, हे वाक्य ऐकून आपण चहा विचारतो! आपल्या घराचा राखणदार त्यानं काढून टाकला आणि वर पैसे घेतले. ओरडणाऱ्याचं तोंड बांधलं म्हणजे चोर गेला असं होत नाही. त्याला दारातच सांगा: कोड का आला ते सांगा, कुठला भाग बदलला तो दाखवा, बिलावर लिहा. हे विचारायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी आपण याहून जास्त बोलतो.

आपल्या कितीतरी लेकी इंग्लंडात आहेत. तिथे घरोघरी गॅस बॉयलर असतो आणि तोही कोड दाखवतो. व्हेलंटच्या बॉयलरवर एफ22 म्हणजे पाण्याचा दाब कमी, एफ28 म्हणजे पेटला नाही. दाब कमी असेल तर पुस्तकात पाहून घरातली बाई स्वतः भरते. पण गॅसचं काम पैसे घेऊन करायचं तर गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असावीच लागते. 1 एप्रिल 2009 पासून ही नोंदणी तिथे आहे. भाड्याच्या घरात दर बारा महिन्यांनी तपासणी करून घेणं घरमालकावर बंधनकारक आहे. बाईचं काम किती आणि कारागिराचं किती, हे तिथे ठरलेलं आहे. आपल्याकडे ते ठरलेलं नाही, म्हणून सगळंच "कुणीतरी बघेल" वर चालतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ज्या धोक्यानं माणूस खरोखर मरतं, त्याचा कोडच आपल्या साध्या गीझरवर येत नाही. एक भाग गॅस नीट जळायला पंचवीस-तीस भाग हवा लागते. बंद न्हाणीघरात ती संपत जाते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, या वायूला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं आणि कडी उघडायलाही हात उचलत नाही. 2020 च्या जानेवारीत बोरिवलीत एक शाळकरी मुलगी अशीच न्हाणीघरात बेशुद्ध सापडली आणि वाचली नाही. तिच्या आईच्या जागी स्वतःला ठेवून पाहा.

म्हणून गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी यावी. ते होईपर्यंत खिडकी उघडी, बादली भरून घ्यायची, गीझर बंद, मग अंघोळ. थंडी वाजते म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावणं आजपासून बंद. गॅसचा वास आला तर विजेच्या कुठल्याही बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा आणि 1906 वर फोन करा.

काही सासूबाई म्हणतील, आमचा तांब्याचा बंब बरा होता. बंबालाही जाळ होता आणि धूरही होता. पण बंब परसात असायचा, न्हाणीला वरून आकाश दिसायचं आणि धूर डोळ्यांना कळायचा. चांगलं होतं ते बंबापेक्षा मोकळी हवा. कुणी म्हणेल, सोलर लावा. जरूर लावा, यवतमाळात उन्हाला तोटा नाही. पण आज ज्यांच्या घरी गॅस गीझर भिंतीवर आहे, त्यांना उद्या सकाळचं उत्तर हवंय. आणि "बाईला यंत्रातलं काय कळतं" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते: अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकाचं गणित, तिथी, चौविहाराची वेळ आणि दहा पाकिटांवरचे आकडे जिला कळतात, तिला दोन अक्षरं नक्की कळतात.

येत्या पर्युषणात महिला मंडळाच्या प्रश्नमंचात दोन प्रश्न माझ्यातर्फे घाला. तुमच्या गीझरवर पेटला नाही याचा कोड कोणता? आणि तो कोड देणारा सेन्सर अजून जागेवर आहे का? मग समाजाच्या भवनात आणि धर्मशाळेत जा, तिथल्या न्हाणीघरांचे झरोके मोजा. बंद असतील तर ट्रस्टींना उघडायला लावा, आणि उघडेपर्यंत सोडू नका.