एका मंत्रालयाचे नकाशे किती?

मेघालयातील पूर्व खासी टेकड्यांत नोंगत्राय नावाचे गाव आहे. तेथील चुनखडी बांगलादेशातील छातक येथल्या सिमेंट कारखान्याला पुरविण्यासाठी लाफार्ज कंपनीने खाणीची परवानगी मागितली आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २००१ साली ती दिली. जमीन वनाची नव्हे, अशी ग्वाही देणारे स्थानिक दाखले दप्तरी होतेच. खाण चालू झाली, चुनखडी सीमापार जाऊ लागली; आणि काही वर्षांनी त्याच मंत्रालयाच्या शिलाँग येथील वनाधिकाऱ्यांनी कळविले की, ही जमीन तर वनच आहे! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, २०१० च्या फेब्रुवारीत खाणकाम थांबले आणि ६ जुलै २०११ च्या निकालाने ते पुन्हा सुरू होण्यास मोकळीक मिळाली. कंपनीचे चुकले की नाही, हा आमचा आजचा विषय नव्हे. या हाताचे त्या हाताला कळू न देण्याची रीत गुप्तदानात शोभते, राज्यकारभारात नव्हे, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे.

न्यायालयालाही ते जाणवले असावे. त्याच निकालपत्रात त्याने मंत्रालयाला जिल्हावार भौगोलिक माहितीचे एक सामाईक भांडार उभारण्यास फर्माविले. वन म्हणून गणला जाणारा प्रत्येक भूखंड, अभयारण्यांच्या सीमा, वन्य पशूंचे स्थलांतराचे मार्ग, पूर्वी अन्य कामांसाठी दिलेली वनजमीन आणि ती देताना घातलेल्या अटी, हे सारे त्यात असावयाचे होते. या यादीत अपूर्व असे काय होते? डेहराडूनची वन सर्वेक्षण संस्था मंत्रालयाचीच. तिचे वनाच्छादनाचे नकाशे नियमाने निघतात. वाघांचे मार्ग आखणारी वन्यजीव संस्थाही त्याच गावची आणि त्याच घरची. उणीव ज्ञानाची नव्हती; ते एकमेकांवर ठेवून पाहण्याची होती. कारण वन एका खाणीने मरत नाही. एका शाखेपुढे धूळ आणि पाणी येते, दुसरीपुढे तोडावयाची झाडे, तिसरीपुढे वाघ. आणि प्रत्येक प्रकरण सुटे पाहिले की निरुपद्रवीच भासते. परंतु एकाच खोऱ्यात आधी दिलेल्या दहा परवानग्या एका नकाशावर दिसल्या, तर अकरावी देताना लेखणी थोडी तरी अडखळेल.

मुंबईकरांना हे फार समजावून सांगण्याचे कारण नाही. १९५६-५७ मधील खासगी वनांच्या नोटिसांचे भूत विक्रोळी-मुलुंडकडील जमिनींच्या मानगुटीवर अर्ध्या शतकानंतर बसले. तोवर तेथे पालिकेने मंजूर केलेल्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि मध्यमवर्गीयांनी आयुष्याची पुंजी त्यांत ओतली होती. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. तेथे खाती तरी निराळी होती. एका छताखालच्या शाखांना ती सबब कशी चालेल?

२०१८ साली ‘परिवेश’ हे संगणकीय दालन उघडून मंत्रालयाने अर्जदाराची चार दारांची पायपीट वाचविली, हे चांगलेच झाले. मात्र अर्जाची गती वाढली म्हणून निर्णयाची दृष्टी वाढत नसते. गुप्ततेचे जुने कारणही आता उरलेले नाही; नकाशांवरील बहुतेक निर्बंध केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वतःच उठविले. दुर्मीळ पक्ष्याचे घरटे किंवा चंदनाचे झाड नेमके कोठे आहे, हे चव्हाट्यावर मांडू नये, हे आम्हांस मान्य आहे. पण चोरापासून जे लपवावयाचे, ते निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यापासूनही लपवावयाचे काय?

वन कशाला म्हणावे, हे सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी सांगितले आणि अशा जमिनी हुडकण्यासाठी तज्ज्ञ समित्या नेमण्यास राज्यांना महिन्याभराची मुदत दिली. त्या समित्यांच्या नोंदी राज्यांकडून मागवून मंत्रालयाने त्या सर्वांना पाहता येतील अशा ठेवाव्यात, हे सांगण्याची पाळी न्यायालयावर पुन्हा १९ फेब्रुवारी २०२४ रोजी आली. मधली सत्तावीस वर्षे या नोंदी कोणत्या कपाटात होत्या? शिवाय नोंद म्हणजे नकाशा नव्हे. २०११ च्या यादीतील प्रत्येक बाब कोणत्या जिल्ह्यात नकाशावर उतरली आणि मंत्रालयाच्या कोणत्या शाखांना ती आज प्रत्यक्ष पाहता येते, याचा जिल्हावार तक्ता मंत्रालयाने येत्या अधिवेशनात संसदेपुढे ठेवावा.