पहिल्या वर्षीचा मध माश्यांचाच

परसात मधमाश्यांची पेटी ठेवण्याची हौस आता शहरांतही पोचली आहे. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले की पेटी मागवली जाते, माश्यांसकट घरपोच येते आणि दिवाळीपर्यंत घरचा मध मिळेल असा हिशेब मांडला जातो. पुष्कळदा पावसाळा सरतो तेव्हा पेटी रिकामी असते. दोष माश्यांचा नसतो. त्यांना अशा जागी आणलेलं असतं, जिथे पोट भरण्याची सोयच नसते.

म्हणून नवख्याने पेटीआधी परिसर पाहावा. सातेरी, म्हणजे आपल्याकडची पेटीत नांदणारी देशी माशी, साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या टापूतच चरते. तेवढ्या भागात कोणत्या महिन्यात काय फुलतं, याची वर्षभराची नोंद हाताशी हवी. शेवगा, जांभूळ, नारळ, तुळस, शेताच्या बांधावरची रानफुलं या सगळ्यांची तीत गणना व्हावी. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. त्यामागे शासनाची योजना होती, पण तिथल्या घरांना मधपाळीची जुनी सवय होती आणि भोवती जंगल होतं. सिमेंटने वेढलेल्या सोसायटीला नुसत्या पेट्या वाटून मांघर होता येणार नाही.

माशी कोणती घ्यावी, हा पुढचा प्रश्न. युरोपातून आलेली मेलिफेरा मध जास्त देते. पण फुलोरा संपला की तिच्या पेट्या दुसऱ्या पिकावर हलवाव्या लागतात. एका जागी एक-दोन पेट्या ठेवणाऱ्याला सातेरीच बरी. तिचाही स्वभाव ओळखावा लागतो. उपासमार झाली, मुंग्या शिरल्या, मेणकिड्याने पोळं पोखरलं किंवा कुणी उठसूट पेटी उघडली, तर अख्खी वसाहत घर सोडून जाते.

उघडण्याआधी पेटीच्या दाराशी दहा मिनिटं बसावं. मागच्या पायांवर पिवळ्या-केशरी परागाच्या गोळ्या घेऊन माश्या आत शिरत असतील, तर बहुधा राणी अंडी घालते आहे आणि पिलांना खाऊ जातो आहे. दारात मेणाचा भुगा किंवा मेलेल्या अळ्या दिसल्या, तर मात्र लगेच जाणत्या मधपाळाला बोलवावं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅक ब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या. त्यात अळ्या पोळ्यातच मरतात.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. संततधारेत माश्यांना बाहेर पडता येत नाही आणि साठवलेला मधच त्यांना तगवतो. हौशी माणसाने तो मे महिन्यातच काढून घेतला असेल, तर वसाहत उपाशी मरते नाही तर निघून जाते. पावसाळ्यात साखरेचा पाक संध्याकाळी, पेटीच्या आतच ठेवावा. उघड्यावर ठेवला तर दुसऱ्या वसाहतींच्या माश्या लुटालूट करतात. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत. एवढं सांभाळूनही पहिल्या वर्षी मधयंत्र घरात आणूच नये. माश्यांनी एक पावसाळा काढला आणि पुढच्या हंगामात वरची मधकोठी भरली, की तिथल्या मेणाने बंद झालेल्या पोळ्यांतला मध काढावा. शिशुकक्षाला तेव्हाही हात लावू नये.

हौसेची एक बाजू मात्र गंभीर आहे. सातेरीच्या वसाहती आजही अनेकदा झाडांच्या ढोलीतून, दगडांच्या कपारीतून पकडून पेटीत भरल्या जातात. शहरातली मागणी वाढेल तसं रान रिकामं होईल. त्यामुळे विकत घेताना, ही वसाहत पेटीतल्याच वसाहतीचं विभाजन करून तयार केली आहे का, हे विचारलंच पाहिजे आणि तसं नसेल तर ती घेऊ नये.

शासनानेही नुसत्या पेट्यांचे आकडे मोजू नयेत. महाबळेश्वरचं मध संचालनालय आणि पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांच्याकडे अनुभवाची मोठी पुंजी आहे. प्रशिक्षणाला जोडून प्रत्येक नवख्याला जवळच्या अनुभवी मधपाळाची पहिल्या पावसाळ्यापुरती सोबत मिळावी आणि त्या मधपाळाला त्याचं मानधन मिळावं. योजनेचं यश मोजायचं ते पेट्या वाटल्याच्या दिवशी नव्हे, तर ऑक्टोबरमध्ये, किती पेट्यांत माश्या उरल्या हे पाहून.