कारागीर टिकत नाही म्हणे!

भिवंडीचे शेठ रडतायत. कारागीर मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही, शिकवला की पळतो.

शिकवला कुणी? पॉवरलूमच्या शेडमध्ये शाळा नसते. पोरगं हेल्पर म्हणून येतं, वर्षानुवर्षं जॉबरच्या हातात पाना देतं, कोपरापर्यंत ग्रीसमध्ये बुडतं, तेव्हा कुठे कान तयार होतो. मग साच्याचा नुसता आवाज ऐकून सांगतं, धोटा कुठे अडतोय. हे कसब. याचा कागद नाही, याला ग्रेड नाही. पाळी बारा तासांची, दाम मीटरवर. सूत खराब निघालं, वीज गेली, साचा बंद पडला, तर तो तोटा कामगाराचा. मंदीत हेच साचे भंगारात निघाले तेव्हा लोखंडाला निदान किलोचा भाव मिळाला. साचा चालवणाऱ्याला काय मिळालं?

कसबाची गोष्ट आपल्याला कुणी सांगू नये. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याला पगार जास्त. पण कांडीचा धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे, म्हणून आपल्या बापजाद्यांना तिथे मज्जाव. आपल्या ओठांनी म्हणे धोटा बाटतो! त्यांच्या वाट्याला रिंग खातं. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक टाकला. कसब अंगात नव्हतं असं नाही, ते शिकायची जागाच अडवली होती.

1982 च्या संपानंतर गिरण्यांचं आणखी कापड भिवंडीकडे सरकलं. गिरणीत लढून मिळवलेलं हजेरी कार्ड, पीएफ, बोनस मात्र वाटेतच गळालं. 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टने विजेवरच्या कारखान्याला 10 कामगारांची रेघ आखली, तर एका शेडचे चार नावांनी चार कारखाने झाले. 2020 च्या संहितेने ती रेघ 20 वर नेली. शेठची तेवढीही कसरत वाचली.

आणि राहायचं कुठे? एका खोलीत पाळीपाळीने झोपायचं, बिशीत जेवायचं. मे 2020 मध्ये भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरची श्रमिक गाडी सुटली, तेव्हा या शहराने आपल्याला किती धरून ठेवलं होतं ते कामगाराला कळून चुकलं होतं. त्याच सप्टेंबरात पटेल कंपाउंडची जिलानी इमारत रात्री झोपलेल्या माणसांवर कोसळली. टिकायचं ते अशा छपराखाली?

म्हणून आपला आयटीआय पास फिटर माणकोलीच्या गोदामात खोके उचलतो. त्याला आळशी म्हणणाऱ्याचं तोंड मला बघायचं नाही. गोदामही ठेकेदाराचंच, पण तिथे निदान महिन्याचा आकडा आधी कळतो.

तर मित्रांनो, शेडमध्ये जाल तेव्हा पहिल्याच दिवशी हजेरी कार्ड मागा, पीएफचा नंबर मागा, साचा बंद असेल त्या तासांचे पैसे मागा. दहा वर्षं पाना चालवलेल्या जॉबरला परीक्षा घेऊन सरकारी सर्टिफिकेट द्या, हेही मागा. तिथे यूपीचा, बिहारचा, तेलंगणाचा माणूस शेजारच्या साच्यावर असेल. त्याला बरोबर घेऊन मागा.