करवसुलीला स्थगिती : निकालापर्यंतचा भार कोणावर?

स्थानिक स्वराज्य संस्थेने आकारलेल्या कराला न्यायालयात आव्हान देताना करदात्याची पहिली मागणी बहुधा एकच असते : अंतिम निकालापर्यंत वसुली थांबवावी. ही मागणी तात्पुरत्या दिलाशाची असली, तरी कराचे खटले वर्षानुवर्षे चालत असल्याने अंतरिम आदेशच व्यवहारात निकालाइतका परिणामकारक ठरतो.

पश्चिम बंगालमधील सिलिगुडी नगरपालिकेच्या करवसुलीला कलकत्ता उच्च न्यायालयाने दिलेली अंतरिम मनाई सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये रद्द केली. उत्पन्नाचा स्रोतच रोखला गेल्यास पाणीपुरवठा, पथदिवे, रस्ते, शाळा, दवाखाने आणि कर्मचाऱ्यांचे वेतन यांसाठी पैसा कोठून आणायचा, हा त्या निर्णयामागील विचार होता. त्याच वर्षाच्या अखेरीस डनलॉप इंडिया कंपनीच्या उत्पादन शुल्क प्रकरणात न्यायालयाने हे तत्त्व अधिक स्पष्ट केले. करदात्याची बाजू प्रथमदर्शनी भक्कम असणे पुरेसे नाही. सोयीगैरसोयीचा तोल, भरून न निघणारी हानी आणि सार्वजनिक हित यांचाही विचार आवश्यक आहे. केवळ बँक हमीवर शासनाचा कारभार चालत नाही, असेही न्यायालयाने बजावले.

मात्र वसुली सुरू ठेवणे नेहमीच न्याय्य ठरते, असे नाही. मुंबई महापालिकेने १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर आधारित मालमत्ता कर लागू केला. त्याविरुद्धच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मध्यममार्ग स्वीकारला : याचिकाकर्त्यांनी जुन्या दराने कर भरावा आणि वाढीव फरकाची निम्मी रक्कम द्यावी. पुढे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने मूल्यनिश्चितीचे काही नियम रद्द केले. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. जमिनीच्या भावी विकासक्षमतेवर नव्हे, तर मालमत्तेच्या प्रत्यक्ष स्थितीवरच कर आकारता येतो, हा त्याचा गाभा होता.

फरकाची पूर्ण रक्कम वसूल झाली असती, तर अवैध आकारणीचा संपूर्ण भार करदात्यांनी निकालापर्यंत वाहिला असता. उलट सरसकट स्थगिती मिळाली असती आणि आकारणी वैध ठरली असती, तर महापालिकेची तिजोरी दरम्यान रिती राहून करदात्यांवर थकबाकीचा डोंगर कोसळला असता. निम्म्या रकमेच्या अटीमुळे ही जोखीम दोन्ही पक्षांत विभागली गेली.

परंतु आकारणीपासून अंतिम निकालापर्यंत बारा वर्षे लोटली, हे अशा तोडग्याने भरून निघत नाही. सशर्त स्थगितीला कालबद्ध सुनावणीची जोड मिळाली, तरच तिचा समतोल टिकतो. वादग्रस्त रक्कम हक्काचे उत्पन्न समजून खर्च न करण्याचे भान पालिकांनीही राखायला हवे. अन्यथा परताव्याची वेळ आल्यावर त्याची झळ अखेर नागरी सेवांनाच बसते.